एनबीएचा ऑल-स्टार गेम आता बंदच करावा का?

फेकून_दे_तीन (धागाकर्ता) | १७ फेब्रुवारी २०२५

आज सकाळी साडेसहाला उठून ऑल-स्टार (अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या निवडक स्टार खेळाडूंची प्रदर्शनीय मॅच) बघितला. यंदा नवीन प्रकार होता. चार टीम, मिनी टूर्नामेंट, घड्याळ नाही, जो आधी ४० पॉइंटला पोचेल तो जिंकला. शॅक, बार्कली आणि केनी स्मिथ या टीएनटी चॅनलवर बसणाऱ्या जुन्या खेळाडूंनी स्टार मंडळी तीन टीममध्ये वाटून घेतली, चौथी टीम शुक्रवारी रायझिंग स्टार्स (नवख्या खेळाडूंची स्पर्धा) जिंकलेल्या पोरांची, तिची मॅनेजर कँडेस पार्कर. फायनलला शॅकच्या म्हाताऱ्यांनी (करी, ड्युरँट, हार्डन, टेटम वगैरे) बार्कलीच्या ग्लोबल टीमला ४१-२५ नी गुंडाळलं, करी एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), तेही सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच्या घरच्या चेस सेंटरमध्ये. इथवर ऐकायला बरं वाटतं.

पण जवळजवळ तीन तासांच्या कार्यक्रमात बास्केटबॉल शोधावं लागलं हो. विनोदी नट केव्हिन हार्ट माइक घेऊन सतत बडबडतोय, मग यूट्यूबवाला मिस्टर बीस्ट येतो, एक प्रेक्षक लाख डॉलरसाठी लिलार्ड या खेळाडूशी शूटिंग करतो, आणि कहर म्हणजे फायनल ऐन रंगात यायच्या वेळी खेळ थांबवून टीएनटीच्या मंडळींचा निरोप समारंभ, कारण पुढच्या वर्षी हे चॅनल नसणार! लेब्रॉननी दीड तास आधी कळवलं की घोटा दुखतोय, येत नाही.

तर प्रश्न सरळ आहे. बंद करावा का? की अजून वाचवता येईल असं वाटतं तुम्हाला?

खडूस_रेफ्री

बंद करा. पुढचा धागा.

माऊ_मांजरे

@खडूस_रेफ्री अहो इतक्या लवकर शिट्टी वाजवू नका, आत्ता कुठे चहा ठेवलाय. पॉपकॉर्न घेऊन बसते.

तालीम_नंबर_एक

भावांनो आमच्या कोल्हापुरात याला नुरा कुस्ती म्हणत्यात. दोन्ही पैलवान एकमेकाला जपून हात लावत्यात, कुणी चितपट व्हायचं ते आधीच ठरल्यालं, आणि शेवटी दोघं मिळून इनाम वाटून घेत्यात. पब्लिक येडं नसतंय, दोन मिनिटात ओळखतंय. मागल्या वर्षी इंडियानापोलिसला काय झालं? २११-१८६. दोनशे अकरा! डिफेन्स करायला कोण हाय का नाय मैदानात? मी म्हटलं स्कोअरबोर्ड बिघडला का काय. नुरा लावायची तर लावा पण तिकीट निकालीचं घेऊ नका एवढंच म्हणणं हाय.

फेकून_दे_तीन

@तालीम_नंबर_एक हा हा, अगदी. त्या २०२४ च्या मॅचची ट्रॉफी देताना लीगचा कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर याचा चेहरा बघितला होतात का? ईस्टनी (पूर्वेकडच्या टीमचे स्टार, समोर पश्चिमेकडचे म्हणजे वेस्ट) सगळ्यात जास्त पॉइंट केले, बरं, अभिनंदन, अशा सुरात बोलला तो. कमिशनरच इतका वैतागलेला मी पहिल्यांदा बघितला. त्याच वैतागातून यंदाचं हे ४० पॉइंटचं प्रकरण निघालं.

संत्रा_बर्फी

काऊन बे इतके चिडून राहिले सगळे? त्या खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवून पाहा ना. ८२ मॅचेसचा सीझन, त्यातले पन्नासेक झाले, गुडघे खिळखिळे, पुढे प्लेऑफ (सीझनअखेरची बाद फेरी). या मधल्या एका रविवारी तो जिवावर उदार होऊन काऊन डिफेन्स करीन? यंदा जिंकणाऱ्या टीमच्या प्रत्येकाला सव्वा लाख डॉलर होते. करीचा या वर्षीचा पगार साडेपाच कोटी डॉलरच्या वर आहे. सव्वा लाख म्हणजे त्याले एका मॅचच्या पगारापेक्षाही कितीतरी कमी. त्यासाठी घोटा मुरगळून घ्यायचा का? बाकी लेब्रॉन ४० वर्षांचा झाला बाप्पा, त्याले झोपू द्या रविवारी.

खडूस_रेफ्री

मग निवड झाल्यावर "हा माझा सन्मान आहे" म्हणून डोळे कशाला पुसतात? सन्मान पाहिजे, घाम नको.

संत्रा_बर्फी

@खडूस_रेफ्री तुम्ही ऑफिसच्या सत्कार समारंभात धावता का साहेब?

जर्सी_सिटी_काका

मंडळी, मी इथे न्यू जर्सीत १९८० च्या दशकापासून आहे त्यामुळे थोडं लांबड लावतो, माऊताईंचा चहा होईपर्यंत.

पहिला ऑल-स्टार २ मार्च १९५१ ला बॉस्टन गार्डनमध्ये झाला. लीग तेव्हा अगदी नवी आणि कफल्लक. त्याच सुमाराला कॉलेज बास्केटबॉलमध्ये पैसे खाऊन पॉइंट कमी करायची मोठी भानगड उघडकीला आली होती, लोकांचा खेळावरचा विश्वास उडालेला. लीगचा प्रसिद्धीप्रमुख हॅस्केल कोहेन याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली की बेसबॉलसारखी सगळ्या चांगल्या खेळाडूंची एक मॅच घेऊ. बाकीच्यांना वाटत होतं पैसे बुडणार. तेव्हा बॉस्टनच्या सेल्टिक्स टीमचा मालक वॉल्टर ब्राउन म्हणाला की मैदान माझं आणि तोटा झाला तर तोही माझा. दहा हजारांच्या वर लोक आले. ईस्ट १११, वेस्ट ९४. म्हणजे मुळात हे लोकांना परत बोलवायला काढलेलं दुकान आहे, जाहिरातच आहे ती. जाहिरातीत जीव ओतत नाहीत अशी तक्रार करताना हे लक्षात असू द्यावं.

पण जाहिरात असूनही लोक खेळायचे हो! मी टीव्हीवर १९९२ चा ऑर्लँडोचा सामना बघितला आहे. मॅजिक जॉन्सननी नोव्हेंबर १९९१ मध्ये एचआयव्ही झाल्याचं सांगून निवृत्ती घेतली होती. त्या काळात त्या आजाराबद्दल इतकी भीती होती की त्याच्या अंगाला अंग लागलं तर काय, घाम लागला तर काय, हे खेळाडूच उघड विचारत होते. तरी चाहत्यांनी त्याला मतं देऊन निवडून आणलं, टिम हार्डवेनी स्वतःची सुरुवातीची जागा त्याला दिली. पठ्ठ्यानी २५ पॉइंट केले, एमव्हीपी झाला. शेवटच्या मिनिटात आधी आयझाया थॉमस त्याच्यासमोर उभा राहिला, मग जॉर्डन, एकास एक, आणि मग मॅजिकनी लांबून तीनचा टाकला आणि आत गेला. घड्याळात वेळ शिल्लक होता पण पुढे खेळलंच नाही कोणी, सगळे त्याला मिठ्या मारायला धावले. स्कोअर १५३-११३, म्हणजे मॅच म्हणून एकतर्फी. पण ज्या माणसाला हात लावायला लोक घाबरत होते त्याला दोन्ही टीमनी मिठी मारली. आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी बास्केटबॉलमधलं ओ की ठो न कळणारे लोक त्यावर बोलत होते.

माऊ_मांजरे

काका, दंडवत. चहा गार झाला वाचताना.

अनुजा_के

काकांचा प्रतिसाद आवडलाच. फक्त एक, सगळे "आजकालचे खेळाडू आळशी" या वळणावर जाणार असतील तर मी आडवी येते. गेल्या जुलैत फिनिक्सला डब्ल्यूएनबीएचा (बायकांची लीग) ऑल-स्टार झाला तो कितीजणांनी बघितला? पॅरिसला जाणारी अमेरिकेची ऑलिंपिक टीम एकीकडे आणि उरलेल्या ऑल-स्टार मुली दुसरीकडे. उरलेल्यांनी ११७-१०९ नी हरवलं! अरीके ओगुनबोवालेनी ३४ पॉइंट केले आणि सगळेच्या सगळे दुसऱ्या हाफमध्ये. का? कारण ती ऑलिंपिक टीममध्ये नव्हती. बरं हे पहिल्यांदा नाही, २०२१ मध्येही अशीच मॅच होती, तेव्हाही ऑलिंपिकची टीम हरली आणि तेव्हाही एमव्हीपी हीच बाई. निवड समितीच्या नाकावर टिच्चून.

या मुलींचा पगार करीच्या पगारासमोर काहीच नाही, त्यामुळे सव्वा लाख डॉलर पुरत नाहीत हे लॉजिक मला पटत नाही. कोणावर तरी खुन्नस पाहिजे.

संत्रा_बर्फी

@अनुजा_के खुन्नस वाला मुद्दा मान्य ताई. पण एनबीएवाले कोणावर खुन्नस धरतीन? सगळे एकाच एजंटचे, उन्हाळ्यात एकत्र सुट्टीवर जातात, एकत्र वाइन पितात.

मॉन्ट्रियल_मिसळ

खुन्नस कशी असते ते शनिवारी आमच्याकडे येऊन बघायचं होतं. हॉकीवाल्यांनी (बर्फावरची हो) यंदा आपला ऑल-स्टार रद्द केला आणि त्याऐवजी चार देशांची स्पर्धा ठेवली. कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड. परवा शनिवारी इथे बेल सेंटरला कॅनडा-अमेरिका. आधीच ते टॅरिफ आणि एक्कावन्नावं राज्य करून टाकू वगैरे बोलणं चाललेलं, अमेरिकेच्या राष्ट्रगीताला लोकांनी हुर्यो केली, आणि मॅच सुरू होऊन नऊ सेकंदात तीन मारामाऱ्या. नऊ सेकंद! तीन! मी कामाच्या ठिकाणी कधी हॉकीबद्दल बोलत नाही, आज सकाळपासून दुसरं काही बोललेलो नाही. अमेरिका ३-१ नी जिंकली, त्याचं दुःख आहे.

आणि दुसऱ्याच दिवशी एनबीएचं ते निरोपसमारंभ प्रकरण. टायमिंग बघा नशिबाचं.

तालीम_नंबर_एक

@मॉन्ट्रियल_मिसळ हीच ती निकाली कुस्ती!! नाद खुळा.

तिरपा_पास

मग उपाय समोरच आहे की. अमेरिका विरुद्ध बाकी जग. योकिच, यानिस, लुका, वेंबान्यामा, शाई गिल्जस-अलेक्झांडर एका बाजूला. गेली सहा वर्षं अख्ख्या सीझनचा एमव्हीपी अमेरिकेबाहेर जन्मलेल्याकडेच जातोय (यानिस, योकिच, एम्बीड). यापेक्षा मोठी खुन्नस कुठली?

खडूस_रेफ्री

@तिरपा_पास योकिच खेळेल असं वाटतं तुम्हाला? तो माणूस ऑल-स्टारमध्ये जमिनीवरून पाय उचलत नाही. त्याचं सगळं लक्ष सर्बियातल्या घोड्यांकडे.

तिरपा_पास

योकिच नाही पण वेंबी खेळेल, त्या पोराला हरायला आवडत नाही, कशातही.

माऊ_मांजरे

वेंबी म्हटल्यावर शनिवारची स्किल्स चॅलेंज (पास, शॉट वगैरेंची घड्याळ लावून शर्यत) आठवली =)) तो आणि ख्रिस पॉल एका टीमला. नियमात कुठे लिहिलंय बॉल टोपलीत गेलाच पाहिजे, म्हणून दोघे नुसते बॉल घेऊन रिंगच्या दिशेला भिरकावत सुटले, नेम धरण्यात वेळ कशाला घालवा! डिस्क्वालिफाय केलं शेवटी. वीस वर्षं खेळलेला ख्रिस पॉल आणि २१ वर्षांचा वेंबी, दोघांचे चेहरे वर्गाबाहेर काढल्यासारखे. मला वीकेंडमधला सगळ्यात जास्त आवडलेला भाग.

नागपाड्याचा_पॉइंटगार्ड

मी थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या नागपाड्याला बच्चूखान ग्राउंडवर जे वाढले त्यांना विचारा. तिथे शनिवारी संध्याकाळी मॅच असली की गल्लीतले लोक कठड्यावर चढून बघायचे. तिथे कोणी नुसतं दाखवायला खेळत नव्हतं, हरलात तर पुढचा गेम मिळायचा नाही, बाहेर बसा. ऑल-स्टारला हाच एक नियम नाही. हरलात तरी गाडी, हॉटेल, बूट सगळं मिळणारच.

पण मला अजूनही तो वीकेंड आवडतो कारण शनिवार! मॅक मॅकक्लंग बघा ना. सहा फूट दोन इंच, एनबीएत पक्की जागा नाही, जी लीगमध्ये (एनबीएच्या खालची लीग) खेळतो, आणि लागोपाठ तिसऱ्यांदा डंक कॉन्टेस्ट (उडी मारून बॉल वरून टोपलीत आपटायची स्पर्धा) जिंकला, असं आधी कोणालाच जमलं नव्हतं. अख्ख्या गाडीवरून उडी मारून डंक. चारही डंकला पन्नासपैकी पन्नास. त्याच्यासाठी तो दिवस म्हणजे आयुष्याची कमाई आहे. मोठे स्टार डंकमध्ये उतरत नाहीत कारण हरलो तर नाक कापलं जाईल. १९८८ ला शिकागोत जॉर्डन आणि डॉमिनिक विल्किन्स दोघं उतरले होते, त्या वेळी दोघंही लीगमधले सगळ्यात जास्त पॉइंट करणारे. आजच्या भाषेत सांगायचं तर ते उतरले तसे आज कोण उतरेल सांगा.

अनुजा_के

@नागपाड्याचा_पॉइंटगार्ड आणि विल्किन्सच्या चाहत्यांचं अजूनही म्हणणं आहे की शिकागोच्या पंचांनी घरच्या पोराला मार्क दिले.

जर्सी_सिटी_काका

@अनुजा_के चाहते बरोबर आहेत.

डोंबिवली_फास्ट_ब्रेक

अवांतर: रणवीर सिंग २०२२ ला क्लीव्हलंडच्या सेलिब्रिटी गेममध्ये खेळला होता, आठवतंय का? खेळला म्हणजे, होता मैदानात.

माऊ_मांजरे

@डोंबिवली_फास्ट_ब्रेक कपडे मात्र एमव्हीपी होते.

बे_एरियाचा_बाबूराव

सेलिब्रिटी गेमवरून सांगतो, यंदाचा तो शुक्रवारी ओकलंडला झाला, बेसबॉलचा बॅरी बाँड्स आणि अमेरिकन फुटबॉलचा जेरी राइस यांच्या टीम. मुलीला घेऊन गेलो होतो. मुख्य मॅचची तिकिटं काढायची आमची ऐपत नाही, बायकोनी आकडा बघूनच लॅपटॉप मिटला. पण ओकलंडचं ते जुनं अरेना! करीची टीम वॉरियर्स २०१९ ला तिथून उठून सॅन फ्रान्सिस्कोला गेले त्यानंतर पहिल्यांदाच मी आत पाऊल टाकलं. आजूबाजूला सगळे ओकलंडचे जुने लोक, करीचे पहिले पहिले टीशर्ट घालून. कोण जिंकलं ते मुलीला आठवत नाही, मलाही नाही, पण पोरीला एका खेळाडूनी टाळी दिली आणि ती रात्रभर हात धुवायला तयार नव्हती. तेव्हा बंद करा म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. टीव्हीवर बघणाऱ्याला जे पोकळ दिसतं ते त्या गावाला तसं नसतं. त्या आठवड्यात खाडीच्या दोन्ही बाजूंना शाळांमध्ये कोर्ट रंगवून दिली, पोरांना खेळाडू भेटले.

खडूस_रेफ्री

@बे_एरियाचा_बाबूराव शाळांची कोर्ट रंगवायला ऑल-स्टार कशाला पाहिजे, रंग पाहिजे.

बे_एरियाचा_बाबूराव

@खडूस_रेफ्री रेफ्रीभाऊ तुम्ही लग्नात जेवण कसं होतं ते विचारलं की मीठ कमी सांगणारे दिसता.

डोंबिवली_फास्ट_ब्रेक

अवांतर २: बे एरियातून आठवलं, आपले विवेक रणदिवे! जुहूला वाढलेला मराठी माणूस आणि २०१३ पासून सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए टीमचा मुख्य मालक. २०१९ ला किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत आणले वरळीच्या एनएससीआय डोमला, ४ आणि ५ ऑक्टोबर. मी पहिल्या दिवशी होतो. तीसुद्धा प्रदर्शनीयच मॅच की, प्री-सीझन. पण ओव्हरटाइमला गेली, १३२-१३१, पेसर्सनी मारली. पब्लिकला नियम अर्धे कळत होते पण ओरडत होते पूर्ण. त्या दिवशी कोणी आळसात खेळलं नाही कारण प्री-सीझनमध्ये अर्ध्या पोरांची नोकरी अजून पक्की व्हायची असते. इथे पुन्हा नागपाडाभाऊंचा मुद्दा, बाहेर बसायची भीती.

तिरपा_पास

मग एक दिवस ऑल-स्टार मुंबईत? २०१६ ला टोरंटोला केला तो अमेरिकेबाहेरचा पहिलाच होता.

संत्रा_बर्फी

@तिरपा_पास मुंबईत कोण येते बाप्पा फेब्रुवारीत आठवड्याची सुट्टी मोडून. लेब्रॉन घोटा दुखतो म्हणून लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोत येऊन खेळला नाही.

मॉन्ट्रियल_मिसळ

मुंबईत नको, आधी मतदानात या. २०१६ ला जॉर्जिया देशातल्या लोकांनी झाझा पाचुलियाला इतकी मतं दिली की तो बिचारा साधा सेंटर थोडक्यात सुरुवातीच्या पाचात येता येता राहिला, कावाय लेनर्डच्या जागी! लीगची अशी टरकली की पुढच्याच वर्षापासून चाहत्यांची मतं निम्म्यावर आणली, उरलेल्यात खेळाडू आणि पत्रकार पाव-पाव. जॉर्जियाची लोकसंख्या ३७ लाखांच्या आसपास. पुण्यातल्या दोन पेठांनी मनावर घेतलं असतं तर काय झालं असतं!

माऊ_मांजरे

@मॉन्ट्रियल_मिसळ पेठांनी आधी एकमेकांच्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त केलं असतं.

फेकून_दे_तीन

धागा पार भरकटायच्या आत परत मुद्द्यावर आणतो. बंद की चालू? आणि चालू तर कसं?

पाचवा_फाउल

उशिरा येतोय. काकांनी १९५१ आणि १९९२ सांगितलं पण मधलं १९६४ राहिलं आणि माझ्या मते ऑल-स्टारच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना तीच, आणि त्यात बास्केटबॉल जवळजवळ नाहीच.

१४ जानेवारी १९६४, परत बॉस्टन. बाहेर बर्फाचं वादळ, खेळाडू कसेबसे पोचलेले. पहिल्यांदा रात्रीच्या वेळी एबीसीवर थेट प्रक्षेपण होणार होतं, म्हणजे लीगचं नाक तिथे अडकलेलं. खेळाडूंची साधी मागणी होती, पेन्शन. मालक वर्षानुवर्षं टोलवत होते. युनियनचा अध्यक्ष सेल्टिक्सचा टॉमी हाइनसन. मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये दार लावून सगळे बसले आणि म्हणाले, लेखी नाही तर कमिशनरचा शब्द तरी द्या, नाहीतर आम्ही बाहेर येत नाही. आत कोण? बिल रसेल, ऑस्कर रॉबर्टसन, विल्ट चेंबरलेन, एल्जिन बेलर, जेरी वेस्ट. लेकर्सच्या मालकानी खाली निरोप धाडला की बेलर आणि वेस्टनी लगेच बाहेर यावं. त्याला आतून जे उत्तर गेलं ते इथे लिहिलं तर अ‍ॅडमिन माझा आयडी उडवतील. शेवटी मॅचची वेळ टळून गेल्यावर कमिशनर वॉल्टर केनेडीनी शब्द दिला, मग ही मंडळी कोर्टवर आली. ईस्ट १११-१०७, रॉबर्टसन एमव्हीपी.

आजचे जे साडेपाच कोटी डॉलरचे पगार संत्राभाऊंनी सांगितले ना, त्याची सुरुवात त्या बंद दाराआड झालेली आहे. खेळाडूंच्या हातात तेव्हा दुसरं काहीच नव्हतं, ही एक रात्र होती जिथे सगळे स्टार एका खोलीत आणि टीव्ही बाहेर ताटकळलेला. म्हणून आज लेब्रॉन घोटा दुखतो म्हणून बसला तर मला राग येत नाही. पण म्हणून मी ती मॅच बघावी असंही नाही.

जर्सी_सिटी_काका

@पाचवा_फाउल वा. हे लिहायचं राहिलं होतं माझं, बरं झालं तुम्ही लिहिलंत, माझ्यापेक्षा नीट लिहिलंत.

संत्रा_बर्फी

हे माहीत नव्हतं. आता तर मी आणखीच खेळाडूंच्या बाजूनं.

तिरपा_पास

बक्षीस वाढवून होत नाही तर काही तरी पणाला लावा. ईस्ट जिंकलं तर फायनलला घरचं मैदान ईस्टला.

पाचवा_फाउल

@तिरपा_पास बेसबॉलनी हे करून बघितलंय. २००२ चा त्यांचा ऑल-स्टार मिल्वॉकीला ११ डावांनंतर ७-७ बरोबरीत सोडून द्यावा लागला, पिचरच (चेंडू टाकणारे) संपले. लोक भडकले. मग २००३ पासून जो जिंकेल त्याच्या लीगला वर्ल्ड सीरिजमध्ये (त्यांची फायनल) घरचं मैदान. २०१६ नंतर गुंडाळलं. वर्षभर राबलेल्या टीमचं नशीब एका जुलैच्या मंगळवारी दुसऱ्याच टीमच्या बदली खेळाडूनी ठरवायचं हा कुठला न्याय?

अनुजा_के

मला वाटतं २०२० चं विसरताय सगळे. शिकागो. कोबी ब्रायंट आणि त्याची मुलगी जियाना २६ जानेवारीला हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि तीन आठवड्यांनी ही मॅच. एका टीमनी सगळ्यांनी २४ नंबर घातला, कोबीचा, दुसरीनी सगळ्यांनी २, जियानाचा. चौथ्या क्वार्टरला पहिल्यांदाच घड्याळ काढलं, पुढे असलेल्या टीमच्या स्कोअरमध्ये २४ मिळवायचे आणि तिथे आधी पोचेल तो जिंकला. ही निक ईलम नावाच्या प्राध्यापकाची आयडिया. आणि काय खेळले! काइल लावरी ऑल-स्टारमध्ये छातीवर धक्के घेऊन चार्ज (समोरच्याचा फाउल) काढतोय, यानिस लेब्रॉनचे शॉट अडवतोय, कोच अंपायरकडे दाद मागतोय. १५७-१५५, शेवटचा पॉइंट अँथनी डेव्हिसचा फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट). फ्री थ्रोवर संपली म्हणून काहीजण कुरकुरले पण मी सोफ्यावर उभी होते.

यंदाची ४० पॉइंटची भानगड त्याचीच नक्कल. घड्याळ काढलं, लक्ष्य ठेवलं, पण तेव्हा जे होतं ते नियमात नव्हतंच ना. आणि ४० म्हणजे फारच छोटं, दहा-बारा मिनिटात मॅच खलास. खेळाडू गरम होईपर्यंत जाहिराती.

तालीम_नंबर_एक

ताई बोलली ते खरं हाय. फड तोच, पैलवान तेच, पण मनात काय घेऊन उतरलाय त्यावर हाय सगळं.

खडूस_रेफ्री

@अनुजा_के म्हणजे चांगली मॅच बघायला दर वर्षी कोणीतरी जायला पाहिजे?

अनुजा_के

@खडूस_रेफ्री असं म्हणाले का मी? किमान निरोप समारंभ मॅच संपल्यावर ठेवा एवढं तरी म्हणते.

मॉन्ट्रियल_मिसळ | २१ फेब्रुवारी २०२५

धागा वर काढतोय, कारण काल रात्री बॉस्टनला फायनल झाली. कॅनडा ३, अमेरिका २, ओव्हरटाइममध्ये मॅकडेव्हिडचा गोल!!! घसा बसलाय. काही बोलायचं नाही, फक्त कळवायला आलो.

माऊ_मांजरे

@मॉन्ट्रियल_मिसळ अभिनंदन, तुमच्याकडून पेढे. पण वेंबीची बातमी वाचलीत का? खांद्यात रक्ताची गुठळी, उरलेला सीझन बाहेर. रविवारी हसत खेळत होता हो पोरगा. लवकर बरा होऊ दे.

संत्रा_बर्फी

हे वाईट झालं. पोरगं गुणी आहे.

तिरपा_पास

अरेरे. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या इंट्युइट डोमला आहे ऑल-स्टार, आणि टीएनटी जाऊन एनबीसी येतंय. तोवर ठणठणीत होऊन जगाच्या टीमचा कॅप्टन हाच पाहिजे. माझं मत तेच, अमेरिका विरुद्ध जग, हॉकीवाल्यांनी दाखवून दिलंय.

नवा_गडी_०७

नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होतो. मुलगा दहा वर्षांचा आहे, नुकता बास्केटबॉलला जायला लागलाय. यंदाचा ऑल-स्टार बघून तो म्हणाला बोअर आहे. एखादा जुना दाखवायचा तर कुठला दाखवू?

जर्सी_सिटी_काका

२००३, अटलांटा. जॉर्डनचा शेवटचा. व्हिन्स कार्टरनी आपली जागा दिली त्याला. पहिल्या ओव्हरटाइमला पाच सेकंदांच्या आत जॉर्डननी मागे झुकत शॉट मारला, ईस्ट दोननी पुढे, सगळ्यांना वाटलं झालं, देवानी स्क्रिप्ट लिहिली. आणि जर्मेन ओनीलनी पलीकडे कोबीला तीनच्या शॉटवर फाउल केला! कोबीनी तीनपैकी दोन टाकले. दुसरा ओव्हरटाइम. वेस्ट जिंकलं, १५५-१४५, गार्नेट एमव्हीपी. कोबीनी जॉर्डनचा निरोप बिघडवला आणि मला वाटतं जॉर्डनला ते मनातून आवडलं असणार.

अनुजा_के

२०२०, पण चौथा क्वार्टरच.

पाचवा_फाउल

काका, दहा वर्षांच्या पोराला जॉर्डनचा निरोप काय कळणार. २००१ वॉशिंग्टन दाखवा. वेस्टकडे डंकन, गार्नेट, वेबर, सगळे ताडमाड. ईस्टकडे सहा फुटी आयव्हरसन आणि स्टेफन मारबरी. नऊ मिनिटं राहिली असताना ईस्ट २१ नी मागे, ९५-७४. माणसं पार्किंगकडे निघायची वेळ. आणि तिथून त्या बुटक्यांनी जी खुन्नस काढली! आयव्हरसन ताडांच्या मधून घुसतोय, मागे मुटोंबो एकटा रिबाउंड (हुकून परत आलेले बॉल) खेचतोय, शेवटच्या मिनिटात मारबरीचे दोन तीनचे. १११-११०. आयव्हरसन २५ पॉइंट, एमव्हीपी. कोणी मेलं नव्हतं, कोणी निवृत्त होत नव्हतं, जास्तीचं बक्षीस नव्हतं. नुसतं हरायचं नव्हतं.

खडूस_रेफ्री

हे बरोबर. २००१.

नवा_गडी_०७

धन्यवाद सगळ्यांना. पूर्ण मॅच बघायला तो बसणार नाही पण, दहा मिनिटांच्या वर त्याचं लक्ष टिकत नाही.

पाचवा_फाउल

@नवा_गडी_०७ मग पहिले तीन क्वार्टर सरळ पळवा, तेव्हा तेही आळसातच खेळत होते. ९५-७४ दिसलं की थांबवा आणि त्याला विचारा, कोण जिंकणार.